तरलेली कपची

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी बंपर परत आला.

शेजाऱ्यांची उसनी आणलेली पातेली पोचवायला मी निघाले होते, तेवढ्यात आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वर्कशॉपमधले नाथाकाका दारात येऊन उभे राहिले. चपला काढल्या नाहीत, आतही आले नाहीत.

"शालू, नाक्यावर चल जरा. ती दुबईची गारी आलीय."

कुठली गाडी ते विचारावं लागलं नाही. इस्पितळातल्या शेवटच्या आठवड्यात आबा तीन वेळा म्हणाले होते, "तो बंपर परत येल." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी त्यांच्या ओठांना ओला कापूस लावत होते. मी फक्त "बरं" म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा वाटलं, औषधांमुळे बोलतायत. तिसऱ्यांदा त्यांनी माझं मनगट धरलं. "धा वर्सांत एक काम परत नाय आला, शालू. यो येल. माजा हात गेला." मी म्हटलं, "आबा, झोपा आता." ते झोपले. त्यानंतर दोन दिवसांनी गेले.

पातेली ओट्यावर तशीच ठेवून मी निघाले.

बाळकुम नाक्यावर, भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आबांचं वर्कशॉप आहे. पुढे पत्र्याची शेड, मागे एक खोली. आमचे आजोबा मिठागरात होते. आबाही सोळाव्या वर्षापर्यंत तिथेच मीठ ओढत होते. मग मिठागर बंद पडलं आणि ते एका गॅरेजमध्ये पत्रा ठोकायला लागले. पुढे स्वतःची शेड टाकली. मारुत्या आल्या तसे प्लॅस्टिकचे बंपर आले, आणि बाकीचे पत्रेवाले "हे आपलं काम नाही" म्हणत असताना आबांनी ते उचललं. फुटलेला बंपर लोक फेकून देत. आबा तो जोडून द्यायचे, आणि जोड कुठे आहे ते गाडीच्या मालकाला बोट ठेवून दाखवता यायचं नाही. कल्याणहून, विठ्ठलवाडीहून गाड्या यायच्या. बोर्डावर फक्त 'धाकू भोईर' एवढंच लिहिलं होतं. कशाचं वर्कशॉप ते लिहायचं राहूनच गेलं.

शेडमध्ये पांढरी जपानी गाडी उभी होती, आणि तिच्याजवळ हरिहर केळकर. नौपाड्यात राहणारे, निवृत्त, इस्त्रीचा शर्ट. गाडी त्यांच्या पुतण्याने दुबईहून आणलेली. तो परत गेला आणि गाडी यांच्या गळ्यात पडली. मला पाहून त्यांनी हात जोडले.

"मला आत्ता कळलं. यांनी सांगितलं. मी यायलाच नको होतं आज."

"नाही, दाखवा ना."

ते बाजूला झाले. पुढच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यात वीतभर चीर होती. जुनीच चीर, पुन्हा उघडलेली. वरचा रंग सालीसारखा सुटला होता.

"धक्काबिक्का काही नाही हो," केळकर म्हणाले. "माजिवड्याच्या त्या खड्ड्यांतून आलो, इतकंच. माझी काही तक्रार नाही, ताई. इतक्या वयात हात थकतोच माणसाचा. मी दुसरीकडे दाखवीन."

"दुसरीकडे नको," मी म्हणाले. "चार दिवस द्या."

नाथाकाकांनी माझ्याकडे पाहिलं. केळकरांनीही पाहिलं. मी डोंबिवलीच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे, हे दोघांनाही माहीत होतं. नाथाकाकांना लहानपणापासून, आणि केळकरांना बहुधा आबांनीच कधीतरी सांगितलं असावं.

"गाडी इथेच राहू द्या," केळकर हळूच म्हणाले. "मी चार दिवस देतो. पण तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका."

ते गेल्यावर नाथाकाकांनी बंपर काढला, दोन स्टुलांवर आडवा ठेवला आणि ते बिडी शोधत बसले. बिडी त्यांच्या कानावरच होती.

"कशाला बोललीस चार दिवस? कोन करनार?"

"तुम्ही."

"मना रंग मारता येतो. फुटलेला जोरायचा धाकूशेट. मी झाळ मारायचू त्यो सांगल तिकरं. तू काय करशील, पुस्तक वाचून दाखवशील बंपरला?"

मी हसले नाही तसे ते बंपरकडे वळले. मग म्हणाले, "शालू, एक सांगतू. त्या दिवशी झाळ मीच मारली. त्याला दम लागत व्हता, त्यो स्टुलावर बसलेला. मी इस्त्री लावली न् पिवला धूर निंगाला. वास आला, डोलं झोंबलं. प्लॅस्टिक पघलंच ना, नुसतं करपलं. मी बोललू, धाकूशेट, यो आपला माल नाय वाटत. त्यो बोलला, पान्यावर तरलाय, मार तू. मी मारली." त्यांनी बिडी कानावरून काढली, पेटवली नाही. "मी त्याला दुसऱ्यांदा बोलाया पायजे व्हता. पन वीस वर्सांत मी त्याला कंदी दुसऱ्यांदा बोललू नाय. त्याच सांजला त्याला इस्पितलात नेला. मी रंग मारून गारी देऊन टाकली."

पाण्यावर तरणं म्हणजे काय, ते मला लहानपणापासून माहीत होतं. बंपर दोन जातीचे येतात. एक तापवला की वितळतो, त्याच्या कडा झाळेच्या छोट्या इस्त्रीने वितळवून जोडता येतात, म्हणजे झाळ मारता येते. दुसरा तापवला की जळतो. त्याला मागून जाळी लावून, दोन ट्यूबांचं मिश्रण भरून, थंडपणे जोडावं लागतं. वरून दोन्ही सारखेच दिसतात. आतल्या बाजूला इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात, पण आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी शाळेतून आले की ते हाक मारायचे, "शालू, बघ गं, ह्याच्या पाठीवर काय लिवलाय." पुढे मी त्यांना अक्षरं ओळखायला शिकवलं. आणि जिथे अक्षरं घासली गेलेली किंवा तुटून पडलेली असत, तिथे ते पाठीमागून पटाशीने एक कपची काढत आणि पाण्यात टाकत. तरली तर झाळ, बुडाली तर ट्यूब.

ही युक्ती कुणीतरी मुंबईच्या बाजारात त्यांना एकदाच सांगितली होती. त्यांना ती दोनदा सांगावी लागली नाही. आजोबा मिठागरात हेच करायचे. भरतीचं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात फिरवत नेत, उन्हात आटवत. मीठ धरण्याजोगं झालं का ते बघायला आजोबा त्यात कोंबडीचं अंडं सोडत. पहिल्या खाचरात अंडं तळाला जायचं, शेवटच्यात वर यायचं. "पानी जड व्हतो," आबा सांगायचे. "जड झाला का उचलून धरतो." वर्कशॉपच्या मागच्या खोलीत कपच्या टाकायला एक पांढरं इनॅमलचं घमेलं होतं. निळ्या काठाचं. त्यातलं पाणी गढूळ झालं की बदलायचं, नाहीतर वरून थोडं ओतायचं. नळाला पाणी तासभरच येई.

म्हणजे आबांनी कपची टाकली, ती तरली, आणि तरीही बंपर झाळेचा नव्हता. म्हणजे त्यांना नीट दिसलं नाही. किंवा त्यांनी दुसऱ्याच तुकड्याची कपची काढली. किंवा हात खरोखरच गेला होता. मी शेडमध्ये उभी राहून याच तीन वाक्यांवरून पुढेमागे करत राहिले. मग पायांनीही तेच करायला लागले. दारापासून खोलीपर्यंत नऊ पावलं होती.

"बस गं जरा," नाथाकाका म्हणाले.

मला बसता येत नव्हतं. आबा गेल्यापासून मी कुठेच धड बसले नव्हते. भेटायला येणाऱ्यांसमोर चहाचे कप नेले, सतरंज्या झटकल्या, नातेवाइकांना तारा केल्या, कुणी "बस पोरी" म्हटलं की आत जाऊन काहीतरी घासायला घेतलं. पुस्तक उघडलं की एकच ओळ चार वेळा वाचत होते.

दुपारी जेवायला घरी गेले. आईने वांग्याची भाजी केली होती. कढई खाली उतरवण्याआधी तिने दोन डाव एका वाटीत काढले आणि मग कढईत मीठ टाकलं. सहा महिने ती असंच करत होती. आबांची मूत्रपिंडं निकामी झाली होती, डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलं होतं. वाटी काढून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. ती वाटीकडे बघत राहिली.

"रोज काढतंय," ती म्हणाली. "हात ऐकत नाय."

"राहू दे. मी खाते ती."

"तुना कशाला अलनी?"

तिने ती वाटी कढईत परत ओतली आणि ढवळली. बंपर परत आल्याचं मी तिला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही, पण मी दुसरी भाकरी न घेता उठले तेव्हा म्हणाली, "काय हाय तिकरं? धा मिन्टं बसवत नाय तुना."

"काम आहे थोडं."

"त्याचा काम त्याच्यासंगती गेला. तू तुझ्या पुस्तकांत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथाकाकांनी बंपर उलटा केला आणि ग्राइंडर चालू केला. करपलेली झाळ काढल्याशिवाय काही करता येणार नव्हतं. पिवळी काळी पूड उडत होती. मी साबणाच्या पाण्याने पुसत होते आणि ते घासत होते. मग त्यांनी रंग घासायला घेतला. चिरेच्या एका टोकाला रंग गेला तशी त्यांनी मशीन बंद केली.

"हे बघ."

टोकाला एक बारीक भोक होतं, मेणाने आणि रंगाने बुजलेलं. चीर जिथे संपते, बरोबर तिथे. एक केसभरही पुढे नाही की मागे नाही. चीर कितीही चांगली जोडली तरी ती पुढे सरकते, म्हणून आबा आधी तिच्या टोकाला भोक पाडायचे. "तिला शेवट द्याचा," म्हणायचे. चिरेचं खरं टोक डोळ्यांना दिसत नाही. ते बंपर किंचित वाकवून, अंगठ्याने दाबत दाबत शोधावं लागतं. दिसतं त्याच्या पुढे ते दोन-तीन सूत असतं.

"हे भोक तुम्ही पाडलंत?"

"मी? मना टोक सापरत नाय. त्यानंच पारला. बसल्या बसल्या."

मी दुसरं टोक घासायला लावलं. तिथेही भोक होतं. तितकंच गोल, तितकंच नेमकं. चीर पुन्हा उघडली होती, पण त्या दोन भोकांपलीकडे ती एक सूतही गेली नव्हती.

मी त्या भोकावर बोट ठेवून उभी राहिले. हात गेलेला माणूस हे करत नाही. ज्याला टोक सापडतं त्याला कपचीही बरोबर काढता येते. मग ती तरली कशी?

"काका, कपची कशात टाकली त्यांनी?"

"कशात म्हंजे? घमेल्यात."

मी मागच्या खोलीत गेले. आबांना इस्पितळात नेल्यापासून ती बंदच होती. कोपऱ्यात फळीखाली घमेलं होतं. वाकून ओढलं तर हलकं लागलं. तीन आठवड्यांत पाणी बरंच आटलं होतं. तळाशी चार बोटं राहिलं होतं. आणि त्याच्या काठाने, निळ्या पट्टीपर्यंत, पांढरे खडे धरले होते. चौकोनी, स्वच्छ, एकावर एक. पाण्यावर पातळ पापुद्रा होता. बोट लावलं तशी त्याच्या कडा मोडल्या.

मिठागराच्या शेवटच्या खाचरात असंच दिसतं.

मी खाली बसले. आबा गेल्यानंतर पहिल्यांदाच अशी बसले असेन.

पाच आठवड्यांपूर्वीच्या रविवारी मी डोंबिवलीहून आले होते. आबा चहाला गेले होते. मी पक्कड शोधत त्यांची पेटी उघडली, तर रंगाआधी भरायच्या लांबीच्या रिकाम्या डब्यात जाडं मीठ सापडलं. अर्धा किलो तरी असेल. वर दोन कैऱ्या, एकीची फोड चावलेली. त्या आठवड्यात त्यांचे पाय सुजले होते, डॉक्टर मला बाहेर बोलावून बोलले होते, आणि आई रोज दोन डाव भाजी वेगळी काढत होती. मला भयंकर राग आला. डबा बाहेर फेकला असता तर त्यांनी तो उचलून आणला असता, हे मला माहीत होतं. समोर घमेलं होतं. मी डबा त्यात उपडा केला आणि जवळच्या सळईने ढवळत राहिले, खडे दिसेनासे होईपर्यंत. मग रिकामा डबा पुसून पेटीत होता तसा ठेवला.

आबांनी मीठ कुठे गेलं ते विचारलं नाही. मी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी आम्ही दुसऱ्याच गोष्टी बोललो.

आणि त्यानंतर केळकरांची गाडी आली. अक्षरांचा तुकडा तुटून कुठेतरी रस्त्यावर पडला होता. आबांनी कपची काढली, घमेल्यात टाकली, आणि पाण्याने ती उचलून धरली.

"काका," मी हाक मारली. आवाज नेहमीसारखाच आला. "एक कपची काढून द्या."

त्यांनी पटाशीने बंपरच्या पाठीमागून नखाएवढी कपची काढून दिली. मी ती घमेल्यात टाकली. ती वर राहिली. बोटाने खाली दाबली, सोडली. पुन्हा वर आली. मग मी माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि तीच कपची पुसून त्यात टाकली. ती सरळ तळाला गेली, तांब्याला टेकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

नाथाकाका दाराला टेकून बघत होते. त्यांनी घमेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले.

"यो कुनी केला?"

"मी."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यात फार वेळ गेला नाही. सांगून झाल्यावर ते घमेल्यापाशी उकिडवे बसले. बाहेर रस्त्यावरून रेतीचे ट्रक जात होते आणि शेडचा पत्रा थरथरत होता.

"म्हंजे त्याचा बरोबर व्हता," शेवटी ते म्हणाले.

"हो."

"माजाबी बरोबर व्हता. मी बोललू त्याला, यो आपला माल नाय."

"हो, काका."

"दोघांचाबी बरोबर व्हता, न् झाला वाकरा." ते हसले, मग हसू पुसून टाकल्यासारखं तोंडावरून हात फिरवला. मला वाटलं, आता ते मला काहीतरी बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, "जाली आन फलीवरची. जुनी खिडकीची हाय बघ, बारीक तारेची. न् दोन ट्यूबा."

त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी आम्ही काम केलं. चिरेला मागून खाच पाडली, घासून खरखरीत केली, धुतली, वाळवली. पुढून कापडी पट्टी ताणून दोन्ही कडा एका पातळीत आणल्या. जाळीचा तुकडा कापला. दोन ट्यूबांमधलं सारख्या मापाने काचेवर काढून मी पत्र्याच्या पट्टीने मळत होते. एक काळं, एक पांढरं. करडा रंग एकसारखा होईपर्यंत मळायचं, रेघ दिसता कामा नये. आबा मळायचे तेव्हा मी शेजारी बसून किती वेळा पाहिलं होतं. हातात घेतल्यावर कळलं की पाहणं वेगळं. पहिला घाणा माझ्याकडून जास्त वेळ मळला गेला आणि काचेवरच आवळून घट्ट झाला.

"पुस्तकात नाय ना लिवलाय?" नाथाकाका म्हणाले.

"नाही लिहिलेलं."

"मग टाक यो. दुसरा काढ. बिगी बिगी मल."

दुसरा जमला. त्यांनी तो जाळीच्या डोळ्यांतून दाबून भरला, वर आणखी एक थर दिला आणि हात पुसले. "आता हात लावायचा नाय. उद्यापावतर."

उद्यापर्यंत म्हणजे वीस तास. मी शेड झाडली. पेटीतल्या पकडी मापाने लावल्या. दर अर्ध्या तासाने बंपरजवळ जाऊन उभी राहत होते आणि हात पाठीमागे बांधून परत येत होते. आबा या वेळात सरळ घरी येऊन झोपायचे. मला आठवतं, मी एकदा विचारलं होतं, जोड धरला का ते बघावंसं वाटत नाही का तुम्हाला? ते म्हणाले होते, "बघून काय व्हनार? बोट लागला का सुटल."

संध्याकाळी घरी जाऊन मी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी बंपरचं सांगितलं, घमेल्याचं सांगितलं, डब्याचं सांगितलं. ती निवडत राहिली.

"तो डबा मना ठावं हाय," ती म्हणाली. "मीच भरून देयची."

"तू?"

"कैरीला नुसती बोटं बुरवायचा. किती खायाचा? जन्म मिठात गेला त्याचा, वास आल्याबिगर जेवन उतरना." तिने एक खडा बाजूला टाकला. "तुज्या बापसाला ठावं व्हता तूच फेकलास. घरी येऊन बोलला, पोरगीनं डबा साफ केला. मी बोलली, विचार तिला. बोलला, नको, बरोबर केला तिनं."

"अजून काय म्हणाले?"

"काय नाय. हसला. जेवला न् झोपला."

मी सुपातले तांदूळ उगाच हलवत होते. तिने माझा हात बाजूला केला. "नीट निवर, नायतर उठ."

मी निवडायला बसले. हसला, जेवला, झोपला. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी कपची टाकली असेल, आणि त्यानंतर ते हसले नाहीत. हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. ती त्यांच्या उशाला होती, तिने पाहिलंच होतं. इस्पितळात त्यांनी माझं मनगट धरलं तेव्हा नुसतं विचारलं असतं, कशात टाकली कपची, तर कदाचित मला तेव्हाच आठवलं असतं. एवढं तरी मी त्यांना देऊ शकले असते. मी "झोपा" म्हटलं.

चार दिवस भरल्यावर, पाचव्या दिवशी अकराला केळकर रिक्षाने आले. त्यांची गाडी शेडमध्येच होती आणि नाथाकाकांनी सकाळीच बंपर चढवला होता. रंग जुळला होता. केळकरांनी चष्मा काढून पुसला, वाकले, डाव्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग उजव्या कोपऱ्यावरून. मग पुन्हा डाव्या.

"कुठल्या बाजूला होती हो?"

नाथाकाका खूश होऊन माझ्याकडे बघायला लागले. मी केळकरांना मागे व्हायला सांगितलं आणि आबा करायचे तसा जोडाच्या जागी गुडघा टेकून अंगाचा भार टाकला. बंपर वाकला आणि परत सरळ झाला. आवाज आला नाही.

"उत्तम," केळकर म्हणाले. "खरं सांगू का, मला यात काही गैर वाटलंच नव्हतं. माणूस आजारी, वय झालेलं. हाताचा अंदाज चुकतो. आमच्या वडिलांचंही शेवटी तसंच झालं होतं."

नाथाकाका खाली बघत होते. त्यांनी काहीच सांगितलं नसतं, हे मला ठाऊक होतं. केळकर किल्ली घेऊन निघाले असते, नौपाड्यात कुणी विचारलं तर म्हणाले असते, शेवटी शेवटी हात गेला होता बिचाऱ्याचा. प्रेमानेच म्हणाले असते.

"त्यांचा अंदाज चुकला नव्हता," मी म्हणाले. "चूक माझी आहे. त्यांच्या परीक्षेच्या पाण्यात मी मीठ टाकलं होतं. त्यांना माहीत नव्हतं. खारट पाण्यात तो तुकडा तरला, म्हणून त्यांनी चुकीच्या रीतीने जोडला. साध्या पाण्यात तो बुडतो."

केळकर किल्ली हातात धरून उभे राहिले. "मीठ?" ते म्हणाले. "कशासाठी?"

"त्यांनी खाऊ नये म्हणून."

त्यांना सगळं समजलं असेल असं मला वाटत नाही. "हे मला सांगितलं नसतंत तरी चाललं असतं, ताई."

"नाही चाललं असतं."

त्यांनी मान हलवली. गाडीत बसले, काच खाली केली. "म्हणजे भोईरांचं काम परत आलं नाही, असंच म्हणायचं."

"काम परत आलं," मी म्हणाले. "पण त्यांच्या हातचं नव्हे."

गाडी नाक्यावरून वळली. नाथाकाका म्हणाले, "आठ दिस थांब. धाकूशेट बोलायचा, सुटायचा असला तर आठ दिसांत सुटतो."

"माहीत आहे."

"तवर येशील इकरं रोज?"

"येईन."

ते चहा सांगायला गेले. मी मागच्या खोलीतून घमेलं उचलून नळाखाली आणलं. पाण्याची वेळ होती. काठावरचे खडे नखाने काढावे लागले. ते टाकून घमेलं धुतलं, भरलं, बोट बुडवून जिभेला लावलं. खारट होतं. ओतलं, पुन्हा भरलं. थोडं कमी. तिसऱ्यांदा नुसता वास असल्यासारखं वाटलं. चौथ्यांदा पाणी गोडं होतं. खिशात जपून ठेवलेली ती कपची पाण्यात टाकली, ती तळाला जाऊन बसली.

मी ती काढून घेतली आणि घमेलं आणखी एकदा धुतलं.